मजुरी नगावर, कमिशन बिलावर: वाचकांचे प्रश्न

मजुरी, कमिशन, दंड आणि बक्षीस यांबद्दल सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांतले दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तिथे स्वतःचे आकडे घालून पाहा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे १२ माग आहेत. मजुरी नगावर आहे. उत्पादन वाढावे म्हणून ठरलेल्या नगांच्या वर प्रत्येक नगाला ४ रुपये जादा सुरू केले. नग वाढले, पण व्यापारी माल परत पाठवू लागला. जादा पैसे बंद करावेत का?

बंद करू नका. ते कशावर देता, ते बदला.

आधी मागावर काय घडते ते बघू. तुमचा माग मिनिटाला १२० पीक (आडवे धागे) मारतो आणि टॉवेल इंचाला ५० पिकांचा, ६० इंच लांबीचा आहे असे धरा. म्हणजे एका नगाला ३,००० पीक लागतात. ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला की माग थांबवून, धागा फणीतून ओवून, गाठ मारून पुन्हा सुरू करायला समजा तीन मिनिटे जातात. तेवढ्या वेळात ३६० पीक बुडतात, म्हणजे नगाचा १२ टक्के भाग. नगाला मजुरी २० रुपये असेल तर धागा जोडण्यात कामगाराचे २ रुपये ४० पैसे जातात. न जोडता तसाच चालू ठेवला तर त्याचा खिसा शाबूत राहतो आणि टॉवेलवर उभी रेघ पडते. आता तुमचे जादा ४ रुपये यात मिळवा. वरच्या नगांना त्याला २४ रुपये मिळतात, म्हणून धागा जोडण्याची किंमत २ रुपये ८८ पैसे झाली. माग थांबवणे त्याला पूर्वीपेक्षा महाग पडावे अशी व्यवस्था तुम्हीच केलीत. कामगारांना लबाड ठरवण्याआधी हे लक्षात घ्या.

दुसरी गळती पिकांची असते. गिअर बदलून ५० ऐवजी ४७ पीक लावले तर नगामागे १८० पीक वाचतात, म्हणजे दीड मिनिट. नग लवकर उतरतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. काटा मात्र तो दाखवतो. ३० बाय ६० इंचाचा, ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) टॉवेल सुमारे ४६५ ग्रॅम भरतो आणि डझन ५ किलो ५७५ ग्रॅमच्या आसपास. रोज प्रत्येक मागाचे एक डझन तोला आणि मागाच्या क्रमांकापुढे लिहा. पीक कमी पडले किंवा लूप आखूड पडले तर दोन्ही वजनात उतरतात. फक्त वजनावर विसंबू नका. सुती माल हवेतला ओलावा धरतो, आणि ओल्या फरशीवर ठेवलेला डझन जड भरतो. आठवड्यातून एकदा भिंगाखाली इंचातले पीक मोजून वजनाशी ताडून बघा.

आता नवी मांडणी. नगाची मूळ मजुरी आहे तशीच ठेवा. संख्येवरचे जादा ४ रुपये काढा आणि तेच ४ रुपये प्रत्येक निर्दोष नगाला द्या, अगदी पहिल्या नगापासून. धागा जोडायला २ रुपये ४० पैसे जात असतील तर बक्षीस त्याहून ठळकपणे जास्त हवे. रुपया-दीड रुपया ठेवलात तर हिशेब पुन्हा कामगाराला रेघ सोडून द्यायलाच सांगेल. खर्च वाढतो हे खरे. तो परत आलेल्या मालाच्या नुकसानीसमोर मांडून बघा.

दोष लिहिताना तीन रकाने करा: विणकराचा, सुताचा किंवा बीमचा, मागाचा. सूत कच्चे असेल, खळ नीट बसली नसेल तर धागे तुटणारच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की चांगले सूतही तुटते. सुती विणकामाला ७५ ते ८० टक्के आर्द्रता मानवते, आणि शेडमध्ये पाणी फवारायची सोय नसेल तर उन्हाळ्यातल्या दोषांसाठी विणकराचे बक्षीस अडवणे अन्याय आहे. सुताच्या आणि मागाच्या दोषाचा नग असेल तर बक्षीस द्याच. कोणता दोष कोणाचा, हे चेकरने ठरवावे, आणि चेकरचा पगार नगांशी बांधलेला नसावा. जॉबरकडे, म्हणजे माग दुरुस्त ठेवणाऱ्याकडे, हे काम देऊ नका. मागाचा दोष त्याच्या खात्यावर येतो, त्यामुळे तो विणकराच्या रकान्यात ढकलण्याचा मोह त्याला होणारच. जॉबरचे बक्षीस वेगळे ठेवा: संपूर्ण शेडमधल्या निर्दोष नगांचे प्रमाण आणि मागाच्या दोषाने बंद राहिलेले तास.

मजुरी कापण्याच्या वाटेला जाऊ नका. दंडाला कायद्याने त्या पगाराच्या मुदतीतल्या मजुरीच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि कापाकापी सुरू झाली की खराब नग दाखवण्याऐवजी लपवला जातो.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाका. कामगार चांगले कमवायला लागला की मालक दर उतरवतो, हा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी असतो. म्हणून हुशार विणकर एका मर्यादेपुढे मुद्दाम जात नाही आणि नवख्यालाही जाऊ देत नाही. माग बदलला किंवा वाण बदलला तरच दर बदलेल, असे लिहून शेडमध्ये लावा आणि पाळा. अमेरिकेतल्या लिंकन इलेक्ट्रिक या वेल्डिंग यंत्रे करणाऱ्या कंपनीत नगावर मजुरी अनेक दशके टिकली. तिथे दराचा हा शब्द पाळला गेला आणि सदोष काम कामगाराने स्वतःच्या वेळेत दुरुस्त करायचे होते. सेफलाइट ही गाडीच्या काचा बसवणारी कंपनी तासाच्या पगारावरून नगाच्या मजुरीवर गेली तेव्हा माणशी काम ४४ टक्के वाढले, असे अर्थतज्ज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी २००० साली मांडले. त्यातली निम्मी वाढ जुन्याच माणसांनी जास्त काम केल्याने झाली. उरलेली बहुतेक चांगले कारागीर कंपनीत येऊ आणि टिकू लागल्यामुळे. तिथेही खराब बसवलेली काच ज्याची त्याने विनामोबदला पुन्हा बसवायची होती.

नवी पेठेत आमचे साड्यांचे दुकान आहे. सेल्समनना विक्रीवर १ टक्का कमिशन, आणि महिन्यात ५ लाख पार केले तर ५,००० रुपये बक्षीस. विक्री वाढली, पण वर्षअखेर नफा तेवढाच. शिवाय २५ तारखेनंतर दुकानात चित्रविचित्र प्रकार चालतात.

तुमच्या योजनेत दोन दोष आहेत आणि ते एकमेकांत मिसळले आहेत.

पहिला दोष सवलतीचा. ३,००० रुपयांची साडी, खरेदी २,२५० रुपये, म्हणजे सुटतात ७५०. गिऱ्हाइकाने घासाघीस केली आणि सेल्समनने १० टक्के सोडले. तुमचे ७५० चे ४५० झाले. त्याचे कमिशन ३० रुपयांवरून २७ वर आले. तुमचे ३०० गेले, त्याचे ३. अशा वेळी तो भाव धरून बसेल ही अपेक्षाच चुकीची आहे; पटकन सोडून पुढचे गिऱ्हाईक घेणे त्याच्या फायद्याचे. कमिशन सुटणाऱ्या रकमेच्या ४ टक्के केले तर पूर्ण भावाला तेच ३० रुपये मिळतात आणि सवलत दिल्यावर १८. आता तो घासाघीस मनावर घेईल.

खरेदीची किंमत सेल्समनना कळू नये असे कोणत्याही दुकानदाराला वाटते. त्यासाठी चिठ्ठीवर गुण छापा. ही साडी पूर्ण भावाला गेली तर ३० गुण, प्रत्येक ५० रुपयांच्या सवलतीमागे २ गुण वजा. गुणाचा रुपया महिनाअखेर. पडून राहिलेल्या मालाला गुण वाढवा, पण मोजक्याच वाणांना आणि महिनाभरासाठी. सगळ्याच रॅकवर दुप्पट गुण लावले तर गिऱ्हाईक पैठणी मागत असताना तिच्यासमोर गेल्या वर्षीची सिंथेटिक उलगडली जाईल, आणि ती पुन्हा येणार नाही.

दुसरा दोष त्या ५ लाखांच्या पायरीचा. २५ तारखेला ज्याची विक्री ४ लाख ७० हजार आहे तो ओळखीच्या माणसाच्या नावाने बिल फाडतो आणि २ तारखेला माल परत घेतो. ज्याची ३ लाख आहे त्याला कळून चुकते की आता पायरी हाती लागत नाही, मग तो चालू गिऱ्हाइकालाही 'पुढच्या आठवड्यात नवीन माल येतोय' म्हणून सांगतो, म्हणजे ती विक्री पुढच्या महिन्यात धरली जाईल. चित्रविचित्र प्रकार म्हणता ते बहुधा हेच असणार. पायरी काढून सरळ दर ठेवा. चढता दर हवाच असेल तर वाढीव टक्का फक्त पायरीच्या वरच्या रकमेला लावा, म्हणजे एका बिलाने एकदम ५,००० रुपये इकडचे तिकडे होत नाहीत. परत आलेल्या मालाचे गुण ज्या महिन्यात परत आला त्या महिन्यात वजा करा.

लग्नसराईत एका कुटुंबाला दोघे-तिघे माल दाखवतात. बिल एकाच्या नावावर गेले की बाकीचे दुसऱ्या वेळी उठतच नाहीत. निम्मे गुण बिल करणाऱ्याला आणि निम्मे त्या दिवशीच्या काउंटरच्या एकत्र खात्यात टाका.

लक्ष्य फार ताणले की माणसे कुठवर जातात, याचे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचे आहे. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ सेवा घालायच्या, असा तिथे रेटा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले आणि २०२० मध्ये आणखी ३ अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. त्या कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक तळाच्या पगारावरचे होते. लक्ष्य त्यांनी ठरवलेले नव्हते.

जुळे सोलापुरात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. दुकाने आणि पतसंस्थांना बिलिंग व हिशेबाचे सॉफ्टवेअर देतो. सपोर्टच्या मुलांना बंद केलेल्या प्रत्येक तिकिटामागे (नोंदवलेल्या तक्रारीमागे) १५ रुपये देतो. तिकिटे भराभर बंद होतात, तरी ग्राहकांचे फोन वाढले आहेत. असे का?

कारण तिकीट बंद होणे आणि अडचण सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही पहिलीला पैसे देता. 'प्रिंटर निघत नाही' या तक्रारीवर 'सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा' असे सांगून तिकीट मिटवले की १५ रुपये. दोन तासांनी तोच ग्राहक पुन्हा फोन करतो, नवे तिकीट, पुन्हा १५ रुपये. प्रिंटर चालवणारा प्रोग्राम (ड्रायव्हर) नीट बसवून द्यायला ४० मिनिटे लागतात, त्याचेही १५ रुपयेच. एका फोनमधल्या तीन शंकांची तीन तिकिटे होत असतील, तेही तपासा. आणि अवघड तिकिटे कोणीच उचलत नाही, ती खाली साचतात. सर्वांत जुन्या दहा उघड्या तिकिटांची यादी काढलीत तर दुखणे नेमके कुठे आहे ते समजेल.

प्रति तिकीट पैसे थांबवा. त्याऐवजी 'तिकिटे कमी आली तर बक्षीस' असे मात्र करू नका. मग मुले तक्रारी वैयक्तिक व्हॉट्सअॅपवर घेतील आणि यंत्रणेत नोंदवणारच नाहीत. आम्ही असे सुचवू: सात दिवसांत त्याच ग्राहकाची त्याच भागाबद्दल पुन्हा तक्रार आली तर आधीचे तिकीट सुटलेच नाही असे धरा. फोनची संख्या दूरध्वनी यंत्रणेच्या नोंदीतून घ्या, मुलांच्या नोंदीतून नको. दर शंभर ग्राहकांमागे फोन किती आणि पुन्हा उघडलेली तिकिटे किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि तिमाहीचे बक्षीस सपोर्ट व प्रोग्रामर दोघांना मिळून द्या. तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा प्रोग्रामरकडे असते. त्याला फुकट सोडले तर सपोर्टवाले तीच चूक महिनोन्महिने निस्तरत राहतात.

प्रोग्रामरना ओळींवर, पूर्ण केलेल्या कामांच्या संख्येवर किंवा स्टोरी पॉइंटवर (काम किती मोठे याच्या अंदाजाचे गुण) पैसे कधीच देऊ नका. १९८२ मध्ये अॅपलच्या लिसा संगणकावर काम करणाऱ्यांना दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते भरून द्यायला सांगितले होते. बिल अॅटकिन्सन यांनी चित्रे काढण्याचा एक भाग नव्याने लिहून तो कितीतरी वेगवान केला आणि त्यात कोड सुमारे २,००० ओळींनी घटला. त्यांनी फॉर्मवर उणे २,००० लिहिले. काही आठवड्यांनी त्यांना तो फॉर्म भरायला सांगणे बंद झाले. स्टोरी पॉइंटला पैसे लावले की कालचे ३ पॉइंटचे काम पुढच्या महिन्यात ५ चे होते आणि तुमचा नियोजनाचा अंदाजही बिघडतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनाच्या आकड्यांबाबत हेच मांडले होते: आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्याचा भरवसा जातो.

कामाचा प्रकारही बघा. सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये मेणबत्तीचा एक प्रयोग केला. मेणबत्ती, टाचण्यांनी भरलेली पेटी आणि काडेपेटी देऊन मेणबत्ती भिंतीवर बसवायची. टाचण्यांची पेटी रिकामी करून तीच आधार म्हणून भिंतीला टाचायची, हे सुचले तरच कोडे सुटते. ज्यांना लवकर सोडवण्याबद्दल पैसे कबूल केले होते त्यांना सरासरी साडेतीन मिनिटे जास्त लागली. पेटी आधीच रिकामी ठेवली, म्हणजे नवे काही सुचायची गरज उरली नाही, तेव्हा मात्र पैसेवाले पुढे गेले. डेटा भरणे, बिले तपासणे याला वेगाचे बक्षीस चालते. अडलेली चूक शोधून काढणाऱ्याला चांगला पगार आणि सलग वेळ द्या.

आमच्या गणवेश शिवण्याच्या युनिटमध्ये ३५ महिला आहेत. उशिरा आल्यास २० रुपये दंड लावला, तर उशीर वाढला. हे उलटे कसे?

उलटे नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत नेमके हेच झाले होते. मुलाला न्यायला दहा मिनिटांहून जास्त उशीर केला तर १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे पालक वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाले. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. दंडाआधी उशीर झाला की बाईंना ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटे; दंड आल्यावर तो उशिराचा दर झाला, पैसे दिले की विषय संपला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. म्हणून तुम्हीही दंड नुसता काढून थांबू नका.

उशीर कोणत्या वेळी आणि कोणाला होतो ते दोन आठवडे लिहा. बहुतेक वेळा नळाला पाणी येण्याचा दिवस, शाळेची वेळ किंवा बसची वेळ यातून कारण सापडते. पाण्याच्या दिवशी पाळी अर्धा तास उशिरा सुरू करून उशिरा संपवणे तुमच्या हातात आहे, आणि तो खर्चही नाही. हजेरीचे बक्षीस ठेवाल तर महिन्याचे ठेवू नका. 'एकही खाडा नाही तर ६००' असे केले की ३ तारखेला मूल आजारी पडलेल्या बाईला उरलेला महिना ते बक्षीस नसल्यासारखेच. आठवड्याला १५० करा, सोमवारी पुन्हा नव्याने सुरू. उदयपूरजवळ सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकांचा पगार हजर दिवसांवर बांधला आणि रोजचा पुरावा तारीख-वेळ उमटवणाऱ्या कॅमेऱ्याने घेतला. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. तिथे प्रत्येक जादा दिवसाला ठरावीक रक्कम होती, एका खाड्याने सगळे बुडत नव्हते.

मोहोळ तालुक्यात माझे दूध संकलन केंद्र आहे, ६० उत्पादक. फॅट-एसएनएफवर (स्निग्धांश आणि स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) दर देतो, तरी डेअरी दुधात भेसळ आहे म्हणून कपात करते. सगळ्यांचे दूध रोज तपासणे परवडत नाही.

फॅट-एसएनएफवर दर देणे लिटरवर सरसकट दर देण्यापेक्षा केव्हाही चांगले. १० लिटरमध्ये १ लिटर पाणी घातले तर ४.० फॅट ३.६ वर येते आणि ८.५ एसएनएफ ७.७ वर. दर पडतो, म्हणून नुसते पाणी घालणारा थांबतो. पण एसएनएफ तुम्ही लॅक्टोमीटरच्या आकड्यावरून काढता, आणि लॅक्टोमीटर फक्त घनता मोजतो. पाणी घनता उतरवते. साखर, मीठ, युरिया ती चढवतात. थोडी साय काढली तरी घनता चढते. ज्याला हे ठाऊक आहे तो तुमच्या यंत्राला हवे ते रीडिंग देतो. दोष दराच्या तत्त्वात नाही, मोजण्याच्या साधनात आहे.

सगळ्यांचे रोज तपासायची गरजच नाही. रोज ६० चिठ्ठ्यांतून ३ काढा, सर्वांसमोर, दूध ओतून झाल्यावर. त्या तिघांच्या नमुन्यावर साखर, युरिया, मीठ आणि न्यूट्रलायझर (दुधाचा आंबटपणा लपवायला घातलेला सोडा वगैरे) यांच्या चाचण्या करा. काढलेल्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्यात टाका, हे महत्त्वाचे; नाहीतर एकदा नंबर लागून गेलेला वीस दिवस निर्धास्त राहतो. एका दिवशी नंबर लागण्याची शक्यता विसात एक. रोज भेसळ करणारा ३० दिवसांत एकदा तरी सापडण्याची शक्यता मात्र सुमारे ७९ टक्के होते.

आता शिक्षा. रोज एक लिटर वाढवून ३० रुपये मिळवणाऱ्याला महिन्याला ९०० सुटतात. सापडल्यावर एका दिवसाचे दूध नाकारलेत तर त्याला ते परवडते. १५ दिवस दूध बंद, दुसऱ्या वेळी तीन महिने, असे आधी लिहून सर्वांच्या सह्या घ्या. संशयाचा नमुना दोन बाटल्यांत सील करून एक उत्पादकाकडे द्या, म्हणजे गावात वाद पेटत नाही. तपासणाऱ्या मुलाचा पगार लिटरवर असेल तर आजच बदला. दूध नाकारले की त्याचेच उत्पन्न घटत असेल तर तो नाकारणार नाही.

स्वच्छतेला तुमच्या दरपत्रकात पैसाच नाही, हेही बघा. धारेचे भांडे गरम पाण्याने धुणाऱ्याला आणि न धुणाऱ्याला एकच दर मिळतो. चिठ्ठीत निघालेल्या नमुन्यांवर मिथिलीन ब्लूची, म्हणजे दुधातल्या जंतूंचा अंदाज देणारी, चाचणी लावा. निळा रंग पाच तासांहून जास्त टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर खराब. उत्तम निघाल्यास त्या दहा दिवसांच्या बिलाला लिटरमागे ५० पैसे जादा द्या.

पंढरपूर तालुक्यात ऊस करतो. सरकार म्हणते दर साखर उताऱ्यावर आहे. मग जास्त साखरेचा वाण लावून मला वेगळे काय मिळते?

खरे सांगायचे तर एकट्याने लावून जवळजवळ काहीच नाही. २०२५-२६ हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसाच्या वजनात तेवढे टक्के साखर निघाली तर, क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात, घटला की तेवढेच घटतात, आणि ९.५ टक्के किंवा त्याखाली ३२९ रुपये ५ पैसे. पण हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो. तुमच्या दोन एकरांची साखर हजारो शेतकऱ्यांच्या उसात मिसळून जाते. टनेज मात्र तुमच्या एकट्याच्या नावावर जमा होते. म्हणून जो तो टनेजचा वाण लावतो, आणि उतारा घसरला की सगळ्यांचाच दर पडतो. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाची साखर वेगळी तपासून पैसे देतात, आणि हंगामाच्या सुरुवातीला तोड आलेल्याचे नुकसान होऊ नये म्हणून त्याच्या साखरेची तुलना त्या आठवड्याच्या सरासरीशी करतात. आपल्याकडे तुकड्यातुकड्याचा ऊस आहे, त्यामुळे निदान गटवार तपासणी तरी व्हायला हवी, आणि ती मागणी सभासदांनी वार्षिक सभेत लेखी मांडावी. तोवर तुमच्या हातात वेळ आहे. तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला जाणे तुमच्याही फायद्याचे, कारण उन्हात वजन तुमचे घटते आणि साखर कारखान्याची. तोड मिळण्याआधी गाडीची वेळ पक्की करा.

आमच्या हॉटेलमध्ये पाच स्टार देणाऱ्या गिऱ्हाइकाला मठ्ठा मोफत देतो. चालेल का?

नको. गुगलच्या नियमांत मोबदला देऊन अभिप्राय मिळवायला मनाई आहे आणि सापडल्यास अभिप्राय काढले जातात. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, तेही विकतच्या अभिप्रायांच्या विरोधात आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही तोटाच आहे: शेंगाचटणी खवट होती हे सांगणारा मठ्ठ्यासाठी गप्प बसतो आणि तुम्हाला ते महिनाभर कळत नाही. मठ्ठा द्यायचाच तर टेबलावरच्या कागदावर 'आज काय आवडले नाही' हे लिहून देणाऱ्याला द्या. तो कागद रोज रात्री आचाऱ्यासमोर वाचा, आणि वाढप्याचे नाव त्यावर असेल तर त्याच्या टिपेशी किंवा पगाराशी ते जोडू नका, नाहीतर वाढपीच कागद गोळा करून निवडून पुढे पाठवील.